ड्रोनचं शूटिंग झालं, आता एडिटिंग कुणी करायचं?

आज एका प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे. प्रभागसंघाच्या बैठकीत हल्ली हिशेबाच्या वह्या मिटल्या की कुणीतरी विचारतंच, "ताई, ड्रोननं शूटिंग केलंय. ते कापायचं-जोडायचं कशात? कुठलं अ‍ॅप चांगलं?"

ड्रोन आता आपल्याला नवा राहिला नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली तेव्हा गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली. घराच्या हद्दीवर चुना टाकून आपण अंगणात उभ्या राहून वर बघत होतो, आठवतंय ना? मग २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ड्रोन दीदीची योजना मंजूर केली. देशातल्या १५ हजार महिला गटांना फवारणीचे ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत, आणि ड्रोन चालवणाऱ्या बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. पण एक घोळ आधीच मिटवते. तो ड्रोन औषध फवारायचा. त्याला कॅमेरा असला तरी तो वाट बघण्यापुरता. मी आज बोलतेय ते कॅमेऱ्याच्या छोट्या ड्रोनबद्दल. काही गटांनी तो घेतलाय, काही गावांत ओळखीचा मुलगा भाड्यानं उडवून देतो आणि शूटिंगचं कार्ड आपल्या हातावर ठेवतो. उडवायचे नियम, परवानग्या, कुठं उडवायचा नाही, हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो आज नको. कार्ड हातात आलंय, इथून पुढं बोलूया.

कार्ड हातात आलं की बहुतेक जणी काय करतात? तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत नेऊन देतात. तो बिचारा त्याच्या पद्धतीनं काम करतो. एका गावातलं सांगते. तिथल्या बायांनी उन्हाळाभर श्रमदान करून ओढ्यावर दगडी बांध घातले. पाऊस पडल्यावर वरून शूटिंग केलं, फार सुंदर आलं होतं. स्टुडिओतून तीन मिनिटांचा व्हिडिओ आला. त्यात सव्वा दोन मिनिटं सत्कार, हारतुरे, पुढाऱ्यांची गाडी. बांध दिसले ते घाईघाईत, वर सिनेमातलं गाणं. बाया एकदाच, लांबून. ते बघून एक आजी म्हणाल्या, "आमी कुटं हाय यात?"

आणि याहून अवघड गोष्ट पुढंच आहे. ड्रोन वरून सगळं बघतो. परसातली न्हाणी, दोरीवरचे कपडे, कुणाची गोठ्यामागं बसलेली बाळंतीण, कुणाचं सरकलेलं कुंपण. हे सगळं त्या कार्डावर असतं. ते परक्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये जातं आणि तिथं राहतं. म्हणून माझं मत असं आहे की गावाचं शूटिंग गावातल्या बायांनी, गटात बसून कापावं. व्हिडिओ थोडा साधा झाला तरी चालेल. त्यामुळं अ‍ॅप निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, गटातल्या दोन-तीन जणींना हे आज घरात असलेल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर चालवता येईल का? जगातलं सगळ्यात भारी कुठलं, हे त्यानंतर बघू.

आता ड्रोनचं शूटिंग आपल्या फोनच्या शूटिंगपेक्षा वेगळं का पडतं, ते थोडं समजून घ्या. म्हणजे अ‍ॅप मध्येच का अडकतं ते कळेल.

पहिलं म्हणजे फाइल प्रचंड मोठी. ड्रोनवाला मुलगा हौसेनं 'फोर के' मध्ये शूट करतो. साध्या फुल एचडी चित्रात जेवढे ठिपके असतात त्याच्या चौपट ठिपके फोर के मध्ये. बरेच छोटे ड्रोन या मापात सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत माहिती लिहितात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी. दहा मिनिटं उडवलं की साडेसात जीबी. आपल्या फोनमध्ये देवाची गाणी आणि नातवंडांचे फोटो धरून तेवढी जागा रिकामी असते का, बघा. काही ड्रोन ४ जीबी भरले की फाइल आपोआप तोडतात, त्यामुळं एकाच उड्डाणाच्या दोन-तीन फायली दिसतात. घाबरू नका, काही हरवलेलं नसतं, एकापुढं एक लावायच्या.

यावरचा उपाय शूटिंगच्या आधीचा आहे. उडवणाऱ्याला सांगायचं, "दादा, फुल एचडीत काढ, सेकंदाला ३० चित्रं." व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ग्रामसभेच्या पडद्यावर दाखवायला ते पुरतं. तसंच ड्रोनच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघायच्या. एक, व्हिडिओचा प्रकार. तिथं एच २६४ आणि एच २६५ असे दोन पर्याय असतात. २६५ ची फाइल लहान होते, पण जुना कॉम्प्युटर ती चालवताना दमतो, चित्र अडखळत पुढं जातं. जुनं यंत्र असेल तर २६४ घ्या. दुसरं, काही ड्रोनमध्ये रंग मुद्दाम फिके ठेवायची सोय असते, 'लॉग' म्हणतात. नंतर कॉम्प्युटरवर रंग भरणाऱ्या जाणकारांसाठी ती आहे. आपण ती बंद ठेवायची, नाहीतर हिरवं रान राखेसारखं दिसतं आणि वाटतं कॅमेराच बिघडला.

आणि ड्रोनच्या व्हिडिओला आवाज नसतो. बहुतेक छोटे कॅमेरा ड्रोन आवाज टिपतच नाहीत, आणि टिपला तरी पंख्याची घरघरच येणार. त्यामुळं अ‍ॅपमध्ये आपला आवाज वरून भरायची सोय हवीच. मला विचाराल तर ही अडचण नाही, सोय आहे. आपल्या बोलीत, आपल्या तोंडून सांगायला मोकळी जागा मिळते.

आता अ‍ॅपची परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. कुणी शिफारस केली म्हणून घेऊ नका. पैसे भरायच्या आधी, फुकट असेल तरी गटात सगळ्यांनी शिकायच्या आधी, एक संध्याकाळ द्या आणि एक मिनिटाचा व्हिडिओ शेवटपर्यंत करून बघा. आपलीच ड्रोनची फाइल आत घ्या. ती उघडते का, पुढं-मागं सरकवताना अडकते का? दोन ठिकाणी कापा, मधला तुकडा काढा. मग व्हिडिओ बाहेर काढा आणि फोनच्या गॅलरीत उघडून बघा. बरीच अ‍ॅप कापायला फुकट देतात आणि बाहेर काढताना खरा चेहरा दाखवतात. कोपऱ्यात त्यांचं नाव छापून येतं, त्याला वॉटरमार्क म्हणतात. आपल्या गटाच्या कामावर दुसऱ्याचा शिक्का कशाला?

आणि एक परीक्षा मराठीची. हिच्याबद्दल कुणी सांगत नाही. व्हिडिओवर अक्षरं टाकायच्या जागी जा आणि 'स्त्रीशक्ती महिला ग्रामसंघ, विंचूर्णी' असं टाइप करा. मग नीट बघा. 'स्त्री' चं जोडाक्षर जुळलंय की पाय मोडून स-त-र वेगवेगळे उभे आहेत? 'विं' ची वेलांटी व च्या आधी दिसते की नंतर? 'र्णी' मधला रफार डोक्यावर बसलाय की बाजूला पडलाय? बाहेरच्या देशात बनलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं अशीच विस्कटतात. इंग्रजीत सगळं ठीक दिसतं, म्हणून शिफारस करणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. कधी फॉन्ट बदलला की जुळतं. नाहीच जुळलं, आणि बाकी सगळं आवडलं असेल, तर एक युक्ती आहे. फोनमध्ये फोटोवर मराठी लिहायचं जे अ‍ॅप तुम्ही हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला वापरता ना, त्यात नावाची पट्टी तयार करा, चित्र म्हणून साठवा आणि ते चित्र व्हिडिओवर ठेवा. चित्रातली अक्षरं कुठंच विस्कटत नाहीत.

आता नावं. वहीपेन घ्यायचं असेल तर घ्या.

फोनवर काम करणार असाल, आणि सुरुवात फोनवरच करावी असं मी म्हणेन, तर 'व्हीएन' नावाचं अ‍ॅप आहे. फुकट आहे, वॉटरमार्क टाकत नाही. शेवटी व्हीएनच्या नावाचा छोटा तुकडा जोडला गेला तर तो निवडून काढून टाकता येतो. एका पट्टीवर चित्र, तिच्याखाली आवाज, तिच्यावर अक्षरं, अशी मांडणी असते. आपला आवाज तिथंच रेकॉर्ड करता येतो, वेग कमी-जास्त करता येतो. ड्रोनच्या शूटिंगला वेगाची सोय फार लागते, कारण ड्रोन संथ जातो आणि बघणाऱ्याला तेवढा धीर नसतो. त्यात काही गोष्टी पैसे भरल्यावर मिळतात, त्यांना हात लावायची गरज पडत नाही. याहून सोपं हवं असेल तर 'यूकट'. नुसतं कापणं-जोडणं, वर गाणं, इतकंच काम असेल तर पुरतं. 'इनशॉट' आणि 'काइनमास्टर' ही दोन नावंही ऐकली असतील. दोन्ही चांगली चालतात, पण फुकटात वॉटरमार्क येतो. ज्यांना आधीपासून सवय आहे त्यांनी मोडू नये, नव्यानं शिकणाऱ्यांनी तिकडं जायची गरज नाही.

प्ले स्टोअरवर जे अ‍ॅप मिळत नाही ते कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलं तर टाकून घेऊ नका, मग ते पोरांच्या तोंडी कितीही असो. त्याच फोनवर आपली बँक असते.

कॉम्प्युटर असेल तर आधी तो केवढा आहे ते बघा. सेटिंगमध्ये रॅम लिहिलेली असते. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये 'क्लिपचॅम्प' बहुधा आधीच असतं. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये ती कंपनी विकत घेतली. फुल एचडीपर्यंत फुकट, वॉटरमार्क नाही. मात्र खातं उघडावं लागतं आणि इंटरनेट लागतं. जिथं रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं तिथं ते जाच करणार.

अशा ठिकाणी 'शॉटकट' बरं. 'ओपनशॉट' हेही त्याच जातीचं. ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कायमची फुकट, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालणारी. दिसायला थोडी रुक्ष आहेत, पहिले दोन दिवस कुठलं बटण कुठं ते सापडत नाही. पण शॉटकटमध्ये एक सोय आहे जिच्यासाठी मी ते सुचवते. तिला 'प्रॉक्सी' म्हणतात. ब्लाउज शिवताना आपण भारी कापडाला एकदम कात्री लावतो का? आधी कागदावर बेतून घेतो. तसंच आहे हे. सॉफ्टवेअर त्या जड फाइलची एक हलकी नक्कल बनवतं, आपण सगळी कापाकापी त्या नकलेवर करायची, आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना ते मूळ भारी फाइल वापरतं. जुन्या लॅपटॉपवर ड्रोनचं शूटिंग चालवायचं असेल तर हाच रस्ता. काही ड्रोन अशी हलकी नक्कल कार्डावर स्वतःच ठेवतात. मोठ्या फाइलच्या शेजारी त्याच नावाची लहान फाइल दिसली तर ती बहुधा तीच.

आणि 'दा विंची रिझॉल्व्ह'. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक नावाच्या कंपनीचं. सिनेमावाले वापरतात, आणि नवल म्हणजे त्याची फुकट आवृत्ती बऱ्यापैकी पूर्ण आहे, वॉटरमार्कशिवाय फोर के पर्यंत व्हिडिओ काढून देते. पण त्याला यंत्र दणकट लागतं. १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर उघडायलाच चहा होऊन जातो. गटातल्या कुणाची मुलगी कॉम्प्युटर शिकतेय, तिच्याकडं तसा लॅपटॉप आहे, तिला यात पोट भरायचं आहे, तर तिनं खुशाल तेच शिकावं. तिला पुढं लग्नाची, शाळांची, शेती पर्यटनवाल्यांची कामं मिळतील. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पैसे भरायची सॉफ्टवेअरं आहेत. अ‍ॅडोबीचं प्रीमियर दर महिन्याला भाडं घेतं. फिल्मोरा फुकट उतरवता येतं, पण बाहेर काढताना वॉटरमार्क. वर्षाला दोन-तीन व्हिडिओ करणाऱ्या गटानं बचतीतून असं भाडं भरू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आणि बाजारात "क्रॅक करून देतो, दोनशे रुपये द्या" म्हणणारे भेटतात. चोरीचं सॉफ्टवेअर असतं ते. त्याबरोबर व्हायरस येतो, आणि त्याच लॅपटॉपवर गटाचे हिशेब असतात. जुनं मूव्ही मेकरही शोधत बसू नका. मायक्रोसॉफ्टनं ते २०१७ च्या सुरुवातीलाच बंद केलं, आता त्या नावानं जे सापडतं ते बहुतेक फसवं.

अ‍ॅप ठरलं. आता एक-दोन गोष्टी कापण्याबद्दल.

कापायला बसताना तिघी बसा. एक फोन चालवणारी, एक लिहिणारी, आणि एक वयानं मोठी, जिला गावातलं प्रत्येक परस ठाऊक आहे. आधी सगळं शूटिंग एकदा नुसतं बघा. तांदूळ निवडताना आधी खडे दिसतात, तसं आधी काय ठेवायचं नाही ते लिहा. कुणाची न्हाणी, कुणाचा चेहरा तिला न विचारता जवळून आलेला, कुणाच्या हद्दीचा वाद ज्यावरून उद्या भांडण पेटेल. हे पहिल्यांदा काढा. कापल्यानंतर मूळ फाइल कार्डावर राहते हे विसरू नका. तीही कुणाच्या हाती जाते ते गटानं ठरवावं.

मग उरलेल्यातून निवडा. वरून दिसणारं रान पहिल्यांदा बघताना ऊर भरून येतो, पण पाचव्या सेकंदानंतर बघणारा कंटाळतो. एक दृश्य चार-पाच सेकंद, फार तर आठ. ड्रोननं एकच शेततळं सहा बाजूंनी काढलेलं असतं, त्यातलं एक घ्या. आणि नुसतं वरून-वरून नको. मध्ये फोननं जमिनीवरून काढलेलं घाला. दगड उचलणारे हात, घागर, बोलणारी बाई. वरून बांध दिसतो, तो कुणी घातला ते जमिनीवरूनच दिसतं. ड्रोन आणि फोन दोन्ही सेकंदाला ३० चित्रांवर ठेवलेले असले की जोड अडखळत नाही.

आधीचं आणि नंतरचं दाखवणार असाल तर तारीख पडद्यावर लिहा. मे महिन्यातलं वाळकं आणि सप्टेंबरातलं हिरवं शेजारी ठेवलं की कुठलंही काम चांगलंच दिसतं, पाऊस कुणाच्या कामानं पडत नाही. गेल्या सप्टेंबरचं आणि या सप्टेंबरचं शेजारी ठेवा. अधिकाऱ्यांसमोर, बँकेसमोर तो व्हिडिओ पुरावा म्हणून ठेवायचा असेल तर ही तारीख तुमच्या बाजूनं बोलेल.

आवाज भरताना पंखा बंद करा, खोलीत गोधडी-रजया पसरा, घुमत नाही. लिहिलेलं वाचू नका, शेजारणीला सांगता तसं सांगा. गाणं सिनेमातलं नको. यूट्यूब ते ओळखतं, आवाज बंद करू शकतं, व्हिडिओ अडवूही शकतं. यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं संगीत फुकट वापरता येतं. त्याहून बरं, आपल्या बायांची जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून घ्या. ज्या म्हणतील त्यांची परवानगी आणि नाव मात्र घ्या.

व्हिडिओ बाहेर काढताना यूट्यूबसाठी १०८० आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी ७२० निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो चित्र दाबून हलकं करतं आणि मजा जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंत. मूळ शूटिंगच्या दोन प्रती ठेवा, एक ग्रामसंघाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. कार्ड पुसायचं ते दोन्ही प्रती उघडून बघितल्यानंतर.

पुढच्या बैठकीला ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी आपापलं एक मिनिटाचं ड्रोनचं शूटिंग आणा. कापलेलं नको, कच्चं. फोनमध्ये निदान ५ जीबी जागा रिकामी करून या, आणि टाइप-सी पिन असलेला कार्डरीडर ज्या गटाकडं आहे त्यांनी तो बरोबर ठेवा, गेल्या वेळी आठ जणींत एकच होता. येते, नमस्कार.